खुंटीवरचा कोट

आमच्या खालच्या लॉन्ड्रीवाल्याला मी 'कडक' म्हणते, कारण कॉलर आणि मान दोन्ही त्याला ताठच लागतात. धाकटा भाऊ भांडून परगावी गेला, तेव्हापासून याने त्याला एकदाही फोन केला नाही. भावाचा राहिलेला कोट मात्र अधूनमधून इस्त्री होऊन पुन्हा खुंटीवर चढतो.

यंदा भाचीने दुकानात गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर बसवलं. 'कपडे तयार आहेत, घेऊन जा' असा मेसेज ते दर शनिवारी आपोआप धाडतं. कडकने पहिलं नाव घातलं ते भावाचं.

"मामा, हे गिऱ्हाईक काही येत नाही. काढून टाकू?" भाचीने मुद्दाम विचारलं.

"राहू दे. तुझ्या यंत्राला कामधंदा नको?"

"अरे, स्वतः फोन केलास तर बोटं झिजतील का?" मी म्हटलं.

आता शनिवारी तो मोबाइल समोर ठेवूनच इस्त्री फिरवतो. काल उत्तर आलं, 'कोट आता पोटावर बसायचा नाही.'

"सुटलाय लेकाचा," कडक पुटपुटला. मग कोट उलटा करून त्याने बाजूची शिवण उसवायला घेतली आणि मध्येच थांबून मला विचारलं,

"किती सुटला असेल गं?"