कागदाखालची शीट

माझ्या शीटवाल्याने मला फसवलं. बारा वर्षं ज्याच्याकडून माल घेतला, त्याने.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत माझी लेझर कटिंगची शेड आहे. पातळ अ‍ॅक्रिलिक कापायला कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली शीटच लागते. तिची कड काचेसारखी सुटते. स्वस्तातली शीट उष्णतेने वितळते, गुळाच्या पाकासारखी तार धरते. ओळख सोपी. शीटवाल्याकडून कास्टवर कागद चिकटवलेला येई, स्वस्तातल्या शीटवर प्लास्टिकची फिल्म. धुराचे डाग पडू नयेत म्हणून कापून होईपर्यंत तो कागद आम्ही काढत नाही.

उन्हाळ्यात हेब्बाळच्या एका ऑफिसच्या पाट्यांचं काम होतं, मिलिमीटरभर जाडीचं. सगळ्या कडा वितळल्या. मशीनवर बेळगावचे मामा, माझ्याकडे नऊ वर्षं. त्यांनी पॉवर उतरवली, वेग वाढवला, हवेचा झोत जोरात सोडला. तार तशीच.

“मालक, एक शीट सोलून बघू का? माल वेगळा वाटतो.”

“कागदाला हात लावायचा नाही! माल नेहमीचाच आहे. तुमचे डोळे गेलेत, मामा.”

चार माणसांत बोललो. त्यांनी चष्मा पुसला, डबा उचलला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, मीच मशीनवर बसलो. तीन शीट वाया घालवल्यावर कागद सोलला आणि लेझरने वरवर रेघ ओढली. कास्टवर ती दुधासारखी पांढरी उठते. इथे काहीच उठलं नाही. कोपऱ्यात कागदाखाली फिल्मची चिंधी राहिली होती.

ती शीट घेऊन तडक शीटवाल्याच्या दुकानात गेलो.

“अण्णा, हे काय?”

“सर, तुम्ही भाव पाडून जिथे आणलात, तिथे हीच बसते. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या.”

“भाव तुझ्या तोंडावर पाडला. परवडत नाही म्हणायचं होतंस! कागद का चिकटवलास?”

“तुम्ही कागद बघूनच तर घेता.”

मी आणखीच भडकलो.

मामांच्या घरी दोनदा जाऊन आलो. चहा देतात. कामाचं काढलं की म्हणतात, “डोळे गेलेल्या माणसाला मशीनवर कशाला बसवता, मालक?”

माझ्या जिभेची माफी मी त्यांच्या पायरीवर बसून मागितली. पण कागद मी चिकटवला नव्हता. ज्याने चिकटवला, त्याने त्याच पायरीवर येऊन सांगावं की मामांचे डोळे शाबूत होते, माल खोटा होता. पत्ता मी देतो, रिक्षाही मीच करतो. कधी येतोस, अण्णा?