काकाजींचं म्युझियम, काकाजींसकट

संत्र्याच्या बागेत गवत आणि आमच्या म्युझियममध्ये किस्से, दोन्ही न पेरता उगवतात. निंदून टाका, आठवड्यात पुन्हा तेवढेच! म्हटलं, चार सांगूनच मोकळं व्हावं.

सौंसरला आमच्या कॉलेजच्या आवारात संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाचं ग्रंथालय आहे आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या आयुष्यावरचं म्युझियम. मी लायब्ररियन, म्हणून म्युझियमही माझ्याच गळ्यात. अध्यक्ष म्हणजे काकाजी. वय ऐंशीच्या पुढे, प्रकृती ठणठणीत. "जिवंत माणसाचं म्युझियम कशाला?" असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलंच. काकाजी म्हणाले, "मेल्यावर बांधसान, त लोक माह्याबद्दल काय बोलून राहिले थे मले कसं ऐकू येईन?"

तेव्हापासून ते रोज दाराशी बाकावर बसतात. कान टवकारून!

* * *

म्युझियमसाठी वस्तू मागितल्यावर काकाजींच्या घरून काकूंनी मोठ्या मनाने ॲपे रिक्षा भरून सामान धाडलं. गंजलेला हंडा, फाटकी सतरंजी आणि काकाजींची रोजची आरामखुर्चीसुद्धा! आम्ही तिच्यावर 'बसू नये' अशी पाटी लावली. दुपारी पाहतो तर काकाजी तिच्यातच घोरताहेत. शिपाई देवरावने हलवलं, "काकाजी, उठा. नियम हाये."

"अबे, नियम मीच केला!"

"मंग तुमीच मोडसान त कसं होईन?"

काकाजी निमूट बाकावर गेले.

* * *

एका शोकेसमध्ये गोटा आहे. काकाजी मूळ पांढुर्ण्याचे. तरुणपणी गोटमारीत, म्हणजे नदीच्या दोन काठांवरच्या गावांच्या दगडफेकीच्या जत्रेत, पलीकडच्या सावरगाववाल्यांनी मारलेला हा गोटा त्यांच्या कपाळाला लागला होता. एकदा सावरगावचेच एक पाहुणे आले. आता काहीतरी गौरवाचं बोलतील म्हणून काकाजी सरसावून बसले. पाहुण्यांनी गोटा नीट न्याहाळला आणि मला म्हणाले, "मॅडम, हा आमच्या बाजूचा हाये. वापस कधी देता?"

* * *

बटण दाबलं की काकाजींचं भाषण ऐकू येतं, अशी एक मशीन आहे. एकदा बटण अडकलं. भाषण काही थांबेना! खाली अभ्यास करणारी पोरं कानात बोटं घालून बसली. शेवटी लाइट गेली आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. काकाजींची छाती फुगली, "पाहा मॅडम, आजही टाळ्या पडतात!"

* * *

मे महिन्यात म्युझियम खचाखच भरलं. काकाजींनी एका मुलीला हौसेने विचारलं, "काय आवडलं, बाई?"

"कूलर!"

बिचाऱ्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. पण हार मानतील तर ते काकाजी कसले! दुसऱ्या दिवशी कूलरवर पाटी होती : 'माननीय अध्यक्षांचा कूलर'.

* * *

आणि परवाचं ऐका. मोहगावचे एक आजोबा नातीच्या ॲडमिशनला आले. नात ऑफिसात रांगेत, म्हणून हे वर म्युझियममध्ये. समोर काकाजींचा तिशीतला फोटो, त्याला देवरावने हौसेने घातलेला हार. फोटोतल्या मिशा आता नाहीत, केसही नाहीत, त्यामुळे बाकावरच्या काकाजींना आजोबांनी ओळखलंच नाही.

त्यांनी चप्पल काढून फोटोला हात जोडले. "लय मोठा माणूस! माह्या पोरीचं शिक्षण मी बंद करून राहिलो होतो. हा माणूस सायकलनं घरी आला. म्हने, पोरीले कॉलेजात धाडत नाही तवरोक मी चहा घेत नाही. आज पोरगी मास्तरीन हाये."

काकाजी बाकावरून उठून त्यांच्याजवळ आले. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

आजोबांनी आवाज खाली आणून विचारलं, "कधी गेले?"

काकाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले.

"जायचे हायेत अजून. पन तुमी बोला ना भाऊ, थांबू नका!"