विनूची काठी आणि खैरानची झुबैदी

शैलावहिनी, गुडघा कसा आहे? जिना चढता का अजून, की खालीच झोपता?

ऋचा बेटा, तुझा खोकला? आईपासून लांब, थंड देशात गेलीस, कान झाकत जा.

कुवेतच्या अबू हलीफाची मंडळी, परवाच्या धुळीच्या वादळानंतर सगळ्यांचे डोळे, घसे ठीक ना?

विनू, तुला काय विचारू? तू मेलास त्याला वर्ष झालं.

विनू हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. मी एसी मेकॅनिक, शाळा आठवीपर्यंत. तो दाभोळचा जावई, मी मूळचा लातूरचा. समुद्र पहिल्यांदा बघितला तो विमानातून. मला गळ टाकायला त्यानेच शिकवलं, आणि मी शिकल्यावर त्याने स्वतः गळ सोडला!

त्याचं असं झालं. त्याच्या हॉस्पिटलातला एक स्कॉटिश डॉक्टर रिटायर होऊन गावी निघाला. जाताना विनूला आपली फ्लाय फिशिंगची काठी देऊन गेला. थंड नदीत उभं राहून ट्राउट नावाचा मासा धरायची काठी. आमिष नाही, कोळंबी नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, तो हलकेच पाण्यावर टाकायचा.

मी म्हटलं, "विनू, कुवेतमध्ये नदी एकसुद्धा नाही."

"खैरानची खाडी आहे ना. भरतीला वाहते. हीच आपली नदी."

मग काय. घरातल्या झटकणीची पिसं गेली, शैलावहिनींच्या शिवणाच्या डब्यातले दोरे गेले. दर शुक्रवारी पहाटे आम्ही खैरानला. मी कोळंबी लावून बसायचो, हा गुडघाभर पाण्यात. मला दोन-तीन मासे मिळायचे. ह्याला काही नाही.

"तू हो पुढे लातूरकर, मी तासाभराने येतो," म्हणायचा.

आणि संध्याकाळी फोन. "लागली! झुबैदी लागली! तू गेलास आणि लागली!"

झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. मी म्हणायचो, नशीबवान आहे लेकाचा.

गेल्या वर्षी घरीच, चहाचा कप हातात असताना गेला. वहिनी दाभोळला परतल्या. काठी माझ्याकडे आली.

काल वर्षश्राद्ध झालं. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी गेलेल्याच्या आवडीचं तिखटाचं, म्हणजे मासळीचं, पान कावळ्याला ठेवतात. चार दिवसांपूर्वी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, एक काम कराल? त्यांच्या काठीने एक मासा धरा आणि फोटो पाठवा. पानाशेजारी ठेवते. तोवर पान वाढत नाही. साडेबाराला बरं का!"

म्हणजे इथले दहा.

आज पहाटे एकटाच गेलो. खाडीवर कोणी नव्हतं. पाणी आत यायला लागलं होतं. मी विनूसारखा गुडघाभर उभा राहिलो.

ही काठी सोपी नाही हो. दोरी आधी मागे न्यायची, हवेत सरळ होऊ द्यायची, मग पुढे. मी दोनदा स्वतःचीच टोपी धरली. विनू असता तर ओरडला असता, "चाबूक नको मारू, पुढे बैल नाहीत!"

सात वाजले. आठ वाजले.

सव्वाआठला पाण्याखाली एक सावली किड्याच्या मागे आली. दोरी ताणली. मी बावळटासारखा हिसका दिला, मासा सुटला. गेला.

नंतर काहीच नाही.

आता खरं सांगतो. नऊला मी गाडी काढली. जवळच्या जमियात, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात गेलो. मासळीच्या काउंटरवरून एक छान झुबैदी घेतली. विनूच्या आवडीची. परत खाडीवर आलो, ती समुद्राच्या पाण्यात बुचकळली, किडा तिच्या तोंडात अडकवला आणि फोटो काढला. चांगला आला.

पावणेदहा. तिकडे वहिनी ओट्यापाशी उभ्या असणार.

बोट बटणावर होतं. पाठवता येईना. हा फोटो त्या माणसाच्या पानाशेजारी ठेवणार. त्याच्या पानाशी खोटं कसं ठेवायचं?

फोन लावला. म्हटलं, "वहिनी, मासा लागला नाही. विकत घेऊन फोटो काढला होता. चुकलो."

वहिनींनी विचारलं, "कुठला घेतलात?"

"झुबैदी."

आणि वहिनी हसायला लागल्या. वर्षभरात पहिल्यांदा ऐकलं ते हसू.

"अहो भाऊजी, पापलेट काय गळाला लागतं? ते जाळ्यात येतं! मी दाभोळची आहे, मला दाखवणार होतात होय?"

"पण विनू तर..."

"हे? हे वर्षानुवर्षं विकतच आणायचे. एकदा तर पोट साफ केलेलं होतं. म्हणाले, तिथेच केलं. मी म्हटलं, वा! आणि तळून वाढलं."

"कधी बोलला नाहीत?"

"बोलले असते तर पुढच्या शुक्रवारी गेले असते का? आठवडाभर त्या बिनखिडकीच्या खोलीत. एक दिवस उन्हात उभे राहायचे, चेहरा उजळायचा."

"मग आज मला कशाला धाडलंत?"

"म्हटलं, त्या काठीला एकदा तरी लागतो का बघू..." आणि हसता हसता थांबल्या.

इकडे खाडीचं पाणी तेवढं वाहत होतं.

मग नाक ओढून म्हणाल्या, "तो फोटो पाठवा. झुबैदीचाच. त्यांचा मासा तोच."

पाठवला. दहाला पाच मिनिटं होती.

विनू, एवढी वर्षं मला फसवलंस, आणि मी तुझ्या नशिबाचा हेवा करत राहिलो. जिथे असशील तिथे नदी असो. खरीखुरी, थंड. जा आता, सुखात राहा.

वहिनी, आता दुपार कलली असेल तिकडे. मी फोन समोर ठेवून बसलोय.

कावळा शिवला का, तेवढं लवकर लिहा.