धोंडूमामाचा पाय

क्लच तपासायचा म्हटलं की धोंडूमामा आधी चपला काढायचा. गाडी कुणाचीही असो, चपला बाहेर, मामा आत आणि उघडा डावा पाय पेडलवर. "पाय खोटं बोलत नाय, बाय. तोंड बोलतं," म्हणायचा. आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावातले आम्ही मराठी लोक त्या पायावर विसंबून असायचो. मी तर सगळ्यांत जास्त, मूर्खासारखी! मामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही.

मामा सख्खा नव्हे. आईला भाऊ नव्हता, म्हणून दर भाऊबीजेला ती त्यालाच ओवाळायची. संध्याकाळी देवळात मी मराठी शिकवायची, तिथं तो मागच्या बाकावर येऊन बसायचा. अख्ख्या वर्षात एवढंच लिहायला शिकला, 'श्री'. पण काय ती हौस! उघडलेला प्रत्येक क्लच बंद करताना कव्हरच्या आत खिळ्यानं 'श्री' कोरायचा. "देवाचं नाव आत असलं की गाडी दगा देत नाय."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आईचा मणका दुखावला आणि तिला सारखं इस्पितळात न्यावं लागायचं. बसचे धक्के तिला सोसेनात. तेव्हा मामानंच पेती राफ्रे गावाहून आपल्या मेहुण्याची विकायला काढलेली छोटी गाडी आणली. "हिला अजून कुणाचा पाना लागलेला नाय. घे डोळे झाकून." आमच्यासमोर क्लच दाबून, एक फेरी मारून म्हणाला, "कोरेक!" म्हणजे एकदम झकास. त्या दिवशी त्याच्या पायात नवेकोरे बूट होते. कुठं लग्नाला जायचं असेल, असं मला वाटलं.

थोड्याच दिवसांत गाडी थरथरायला लागली. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की अंगात आल्यासारखी घुमायची आणि मागे आई "अगं आई गं" म्हणून कळवळायची. मामा म्हणाला, "इंजिनाखालचे रबर झिजलेत." रबर बदलले, थरथर तशीच. मग म्हणाला, "तुझाच पाय कच्चा, बाय. झटक्यात सोडतेस." मी आईची माफी मागत क्लच हळू सोडायला शिकत बसले.

शेवटी माएबूर्गला मावशीकडे गेले असताना तिथल्या एका क्रिओल मेकॅनिकला गाडी दाखवली. त्यानं गिअरबॉक्स उतरवला. इंजिनाच्या मागच्या सीलातून तेल झिरपून क्लचप्लेट माखली होती.

"कुणीतरी प्लेट पेट्रोलनं धुऊन तशीच परत बसवलीय," तो म्हणाला. "चार दिवस बरी चालते, मग पुन्हा तेल येतं." मग कव्हर माझ्यापुढे धरलं. "मादाम, ही कसली खूण?"

वाकडातिकडा 'श्री'. मीच हात धरून गिरवून घेतलेला.

नवं सील, नवी प्लेट बसली आणि गाडी अलगद सुटली. माझं डोकं मात्र भणभणत होतं. घरी येऊन आईला सांगितलं.

भाऊबीजेला मामा आला. उंबऱ्याशी चपला काढल्या. मी सरळ विचारलं, "मामा, तुझा पाय खोटं बोलत नाही ना?"

त्याला कळलं. मान खाली घालून म्हणाला, "नाय बोलत. मेहुण्याची गाडी, बायकोनं जीव खाल्ला होता माझा. म्हणून तर त्या दिवशी बूट काढले नाय."

काय ही इमानदारी!

आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं.

"धोंडू," ती म्हणाली, "चपला घाल आणि घरी जा."