परत येण्याचं कारण

नाना स्वतःच्याच घराची कडी वाजवून आत जायचे. शेतातून आले की कुलूप काढायचं, कडी दोनदा वाजवायची, एकदा खाकरायचं आणि मग दार ढकलायचं. आत कोणीच नसायचं. बायको, कौसाबाई, जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकुलती एक लेक वैशाली लग्न होऊन अमेरिकेत होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी टेंभुर्णीत त्यांच्या शेजारी घर घेतलं, तेव्हा काही दिवस हा प्रकार नुसता पाहिला. मग न राहवून विचारलंच, की आत कोण आहे म्हणून वर्दी देता? नाना म्हणाले, "बाईमाणूस घरात असलं का एकदम घुसू न्हाई, बाई. सवय पडली." तीस वर्षं पोरांना गप्प बसवणारी मी त्या दिवशी स्वतःच गप्प बसले.

त्यांचं शेत थोडं, पण त्यात जाळीखाली मिरचीच्या संकरित बियाण्याचा प्लॉट होता. संध्याकाळी चिमट्यानं कळी सोलायची, सकाळी तिला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि त्या फुलाला दोरा बांधायचा. हजारो फुलं, एकेक करून. असं काम करणारा माणूस बडबड्या असूच शकत नाही. नानांचा शब्दसंग्रह माझ्या पहिलीच्या पोरांपेक्षा लहान होता आणि त्यातही 'बराबर' आणि 'बघू मंग' हे दोन शब्द निम्मी कामं भागवून नेत. कुणी हवामान सांगितलं तरी बराबर, कुणी भांडण सांगितलं तरी बराबर. पटलं नाही की बघू मंग. मी त्यांना यावरून खूप चिडवायचे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बराबर.

एके दिवशी मात्र ते माझ्या पायरीशी येऊन उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "बाई, बाळंतपण कसं करतात?"

मला हसू आलं. नाना हसले नाहीत. वैशालीला दिवस गेले होते. ती माझ्या वर्गात होती चौथीला, मोठी गुणाची पोर. तिच्या सासूबाई इकडे अंथरुणाला खिळलेल्या, नवरा दिवसभर कामावर. आणि तिला इकडे येता येत नव्हतं, कारण तिच्या तिथल्या राहण्याची कागदपत्रं अडकली होती. ती एकदा देशाबाहेर पडली तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. नानांनी हे सगळं समजून घेतलं होतं. ते म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. ती येऊ शकत न्हाई. मंग माहेरानंच तिकडं जावं लागंल." माहेर म्हणजे आता ते एकटेच होते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

मग मी त्यांना शिकवलं. डिंक किती तळायचा, अळिवाची खीर कशी करायची, बाळंतिणीला पहिले दहा दिवस काय द्यायचं नाही. बाळाला न्हाऊ घालायला शिकवताना मी त्यांच्या पसरलेल्या पायांवर टॉवेलची गुंडाळी ठेवली. नाना त्या टॉवेलला इतक्या हळुवार हातानं पालथं करायचे की मला आपल्या थट्टेची लाज वाटायची. पराग लावून लावून त्या बोटांना नाजूक गोष्टींची सवयच झाली होती.

व्हिसाचा अर्ज मी भरला. पानंच्या पानं प्रश्न. तुम्ही कधी दहशतवादी कारवाई केली आहे का, असं त्यात विचारलेलं. नाना म्हणाले, असं कोणी हो म्हणतंय का? मी म्हटलं, तुम्ही नाही म्हणा म्हणजे झालं. फोटोसाठी जाफराबादला गेलो. फोटोवाल्यानं सांगितलं की या फोटोला टोपी चालत नाही, चष्माही नाही. नानांनी पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवली. चेहरा उन्हानं काळवंडलेला आणि कपाळ वरून लहान मुलासारखं गोरं. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांचं डोकं पहिल्यांदा पाहिलं. फोटो होताच त्यांनी टोपी अशी घाईनं चढवली, की मीच खिडकीबाहेर पाहू लागले.

मुलाखत मुंबईला. नाना एकटेच गेले. सातबारा, घराचा उतारा, बँकेचं पुस्तक, वैशालीचं पत्र, जावयाच्या नोकरीचा दाखला, अशी जाडजूड फाईल मी क्रमानं लावून दिली होती. ती कुणी उघडलीसुद्धा नाही. काचेच्या खिडकीपलीकडे साहेब, त्याच्या शेजारी मराठी बोलणारी मुलगी. तीन-चार प्रश्न आणि संपलं. साहेबानं विचारलं, कशाला चाललात? नाना म्हणाले, लेकीच्या बाळंतपणाला. साहेबानं विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं?

"मी म्हणलं, कोणी न्हाई," नानांनी मला सांगितलं. "म्हणूनच तर चाललो."

त्यांना पासपोर्टसोबत एक छापील कागद परत मिळाला होता. मी वाचून अर्थ सांगितला, की तुम्ही काम झाल्यावर आपल्या देशात परत याल अशी तुम्ही आमची खात्री पटवू शकला नाहीत. नानांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "त्यांचं बराबर हाय." मला त्यांचा भयंकर राग आला. ज्याच्या घरी माणसं भरलेली आहेत त्याला जाऊ द्यायचं आणि ज्याला कुणीच नाही त्यानं इथंच बसायचं, यात बरोबर ते काय? पण नियम तसाच होता. परत यायला काहीतरी कारण लागतं आणि नानांजवळ ते नव्हतं. त्या रात्री मला हा नियम फक्त नानांपुरताच वाटत होता.

पुन्हा अर्ज केला. तारीख मिळाली ती वैशालीला सातवा सरत असताना. या वेळी मी तयारी करून घ्यायचं ठरवलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला गज आहेत. मी आत बसून साहेब व्हायचे आणि नाना बाहेर फाईल छातीशी धरून उभे राहायचे. शेत किती, प्लॉट कुणाचा, किती दिवस राहणार, सगळी उत्तरं चोख. घरी कोण आहे, म्हटलं की गाडी अडली. मी पढवलं होतं, की पुतण्या आहे, त्याची बायकापोरं आहेत, आम्ही एकत्र राहतो म्हणा. पुतण्या होता खरा, पण जाफराबादला, आणि वर्षातून एकदा राजूरच्या गणपतीला जाताना डोकावून जायचा.

"पुतण्या हाय हे बराबर," नाना म्हणायचे. "पण तो घरी कुठं हाय?"

"अहो, एवढं एक खोटं बोललात तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी आतून ओरडायचे. "लेकीपेक्षा मोठं आहे का तुमचं खरं?"

"बघू मंग."

ते मुंबईहून आले तो दिवस मला लख्ख आठवतो. जीपमधून उतरून ते थेट माझ्याकडे आले. पासपोर्ट ठेवून घेतला म्हणाले. मला माहीत होतं, पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा दिला. मला इतका आनंद झाला की मी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं, चहा टाकला आणि विचारलं, अखेर पुतण्या कामाला आला ना? नानांनी चहा बशीत ओतला. मग हळूहळू सांगितलं.

"मी सांगितलं, घरी कोणी न्हाई. मंग त्या पोरीनं विचारलं, साहेब म्हणतेत, परत कामून येणार? मी म्हणलं, आमच्या शेजारी बाई हायेत. त्यांलाबी कोणी न्हाई. मी आलो न्हाई तर त्या एकट्या पडतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला मुलगा आहे, सून आहे, पाच वर्षांची नात आहे. पुण्यात आहेत म्हणून काय झालं? दर रविवारी फोन करतात, एखाद्या रविवारी नाही जमलं तर पुढच्या रविवारी करतात. दिवाळीला दोन दिवस येतात. आणि या माणसानं मुंबईत परक्या साहेबाला सांगावं, की बाईंना कोणी नाही? मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? नाना उठून उभे राहिले. म्हणाले, "चुकलं असंल तर माफ करा, बाई. मला जे दिसतंय ते सांगितलं."

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते चार दिवस मी कुणाशीच बोलले नाही, हे चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. पाचव्या दिवशी मीच त्यांना डिंक तळायला हाक मारली.

व्हिसा का मिळाला याची गावात तीन कारणं होती. पुतण्या म्हणे राजूरच्या गणपतीनं दिला, सरपंच म्हणे आपल्या शिफारशीच्या पत्रानं दिला आणि साहेबाचा त्या दिवशी मूड चांगला असेल असं जीपवाल्याचं मत पडलं. नाना तिघांनाही बराबर म्हणाले.

सामान बांधताना आमचा एकदा खटका उडाला. नानांनी मेथी, अंबाडी आणि आपल्या मिरचीचं बी पुड्या करून घेतलं होतं, लेकीच्या अंगणात लावायला. मी सांगितलं की बी नेता येत नाही, तिथल्या विमानतळावर पकडतात, परवानगीचे कागद लागतात. मला वाटलं, जन्मभर बी पिकवणारा माणूस यावर तरी चिडेल. पण त्यांनी एकेक पुडी बाहेर काढून ठेवली. "आपुनबी प्लॉटात दुसऱ्याचं बी येऊ देत न्हाई," ते म्हणाले. "त्यांनी तरी कामून येऊ द्यावं?"

ते गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं सहा महिन्यांचा शिक्का मारला. वैशालीला मुलगी झाली. रोज संध्याकाळी, तिकडच्या सकाळी, फोन लागायचा आणि पडद्यावर मला नानांचे पसरलेले पाय, त्यावर पालथी घातलेली इवलीशी पोर आणि टोपीचं टोक दिसायचं. पाणी जास्त गरम आहे, कानात जाऊ देऊ नका, असं मी टेंभुर्णीतून ओरडायचे. नाना पूर्वी कधी बोलले नव्हते इतकं त्या पोरीशी बोलायचे. मी ते ऐकत बसायचे. फोन बंद झाला की घर फार शांत व्हायचं.

पाचव्या महिन्यात वैशालीचा एकटीचा फोन आला. तिची रजा संपली होती. पाळणाघरात जागा मिळायला आणखी तीन महिने लागणार होते. वडिलांचा मुक्काम वाढवायचा अर्ज मुदतीच्या आत करता येतो, तिनं तो भरूनही ठेवला होता. नाना सही करत नव्हते. "म्हणतात, मी परत जाईन असं खिडकीत सांगून आलोय," ती म्हणाली. "बाई, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील." तिचा आवाज थकलेला होता. कानाशी बाळ रडत होतं.

मी नानांना फोनवर बोलावलं. काय बोलायचं ते मनात पक्कं केलं होतं आणि आवाजही वर्गातला काढला होता.

"नाना, इथं तुमची वाट पाहणारं कोणी नाही. सही करा आणि राहा."

 मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बऱ्या हायेत ना, बाई?"

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं.

"बराबर," नाना म्हणाले.

त्यांनी सही केली. त्या वाढलेल्या मुक्कामातच, तिकडच्या थंडीत, एका सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. अग्नी वैशालीनं दिला. तेराव्याला पुतण्यानं इथं जेवण घातलं, मी जाऊन आले.

महिन्याभरानं वैशालीचा फोन आला. पोर आता उभी राहायला बघते म्हणाली. मग म्हणाली, की बाबा शेवटी शेवटी फार निवांत होते. आधी सारखी घाई असायची, तारीख विचारायचे, तिकिटाचं विचारायचे. तुमच्याशी बोलले त्या दिवसापासून सगळं थांबलं. "मी विचारलं तर म्हणाले, बाईंनी मोकळं केलं मला," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मी त्यांना मोकळं केलं नव्हतं. मी त्यांची वाट पाहत होते, पहिल्या दिवसापासून, आणि एवढी एकच गोष्ट मी त्यांना खोटी सांगितली.