दोन वितींवरचा चेंडू

क्रेलनेसच्या गोल्फच्या मैदानावर आर्ची मेल्ड्रमशी खेळायला मिळालं की माणसाची चंगळ होते. चेंडू खळगीपासून चार हात लांब असला तरी हा म्हातारा हात वर करून म्हणतो, "दिला, उचल." गिल्ख्रिस्ट खाटीक तर एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "आर्ची, माझा अजून समुद्राच्या वाळूत पडलाय. तोही दिलास का?" सगळे खो खो हसले. आर्चीही हसला. गाव त्याला दानशूर म्हणतं. दानशूर कसला डोंबलाचा! शेहेचाळीस वर्षांपूर्वी एकच चेंडू द्यायचा होता, तो याच्याच्याने देववला नाही.

मैदान गावाचं आहे, कोणा लॉर्डाचं नाही. चारशे वर्षं पाद्री, खाटीक, कौलं शाकारणारे सगळे सकाळी एकाच रांगेत उभे राहून आपली पाळी घेत आलेत. दोघांच्या सामन्यात एक रीत आहे. चेंडू खळगीच्या अगदी तोंडाशी आला की समोरचा म्हणतो, "दिला." मग तो शेवटचा फटका न मारताच मोजायचा आणि चेंडू उचलायचा. तसं म्हणायलाच हवं असा काही नियम नाही. पण म्हणायचं ते समोरच्याने आपणहून. मागून घेणं म्हणजे लाज, ते इथे कोणी करत नाही.

आर्ची पोस्टमन होता आणि डॉड लम्सडेन प्लंबर. दोघांच्या हातात पहिली काठी दिली ती डॉडच्या बापाने. तो म्हातारा तीस वर्षं याच मैदानाचं गवत कापायचा. गावाचा कप मात्र त्याला कधी मिळाला नव्हता. त्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळला आणि डॉक्टरने पानगळीपर्यंतची मुदत दिली. एकदा तरी विजेत्यांच्या फळ्यावर लम्सडेन हे नाव चढलेलं बघायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. गावाला हे माहीत होतं आणि आर्चीला सगळ्यांत जास्त, कारण दर शनिवारी म्हाताऱ्याची दाढी तोच करून द्यायचा.

आणि अंतिम सामना पडला नेमका या दोघांत. शेवटच्या खळगीपर्यंत बरोबरी. म्हातारा घोंगडीत गुंडाळून कुंपणापाशी बसवलेला. आर्चीने आपला चेंडू घातला. डॉडचा दोन वितींवर होता. तो दिला असता तर कप काही डॉडला मिळत नव्हता. सामना बरोबरीत राहून पुढे चालला असता, एवढंच. डॉडने मान वर करून आर्चीकडे पाहिलं.

आर्ची समुद्राकडे बघत राहिला. त्याला कप हवा होता. दुसरं काहीही कारण नव्हतं, आणि ते त्याने स्वतःपासूनही कधी लपवलं नाही.

डॉडचा चेंडू खळगीच्या काठावरून फिरला आणि बाहेरच थांबला. डॉडने टोपी काढली, हात मिळवला, "छान खेळलास" म्हणाला. सप्टेंबरात म्हातारा गेला. डॉडने काठ्या माळ्यावर टाकल्या त्या कायमच्या.

"माफी कशाची मागू? कुठला नियम मोडला मी?" आर्ची बायकोशी वाद घालायचा.

"नियम नाही मोडलास," नेटा म्हणायची. "नुसता जा आणि चहा पिऊन ये त्याच्याकडे."

तो गेला नाही. आधी लाज आडवी आली, मग ताठा आला, मग सवयच झाली. आता नेटाही नाही सांगायला.

या वसंतात डॉडचे पाय गेले. कॅनडातली मुलगी आईबापांना घेऊन जाणार, सोमवारी निघणार, असं आर्चीला पाववाल्याच्या दुकानात कळलं. रविवारी मैदानावर खेळ बंद असतो. त्या दिवशी गाव तिथे कुत्री आणि पोरंबाळं घेऊन फिरायला येतं. डॉडची बायको एफी त्याची चाकांची खुर्ची ढकलत शेवटच्या हिरवळीपाशी पोचली, तर आर्ची आधीच तिथे उभा.

"एफी, जरा थांब," तो म्हणाला. त्याने खिशातून चेंडू काढला, खळगीपासून दोन विती मोजून ठेवला. गुडघे कुरकुरले. "दिला, डॉड. उचल."

डॉडने चेंडूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "शेहेचाळीस वर्षं लागली होय रे लेका? एवढ्या वेळात गोगलगाय एडिंबरोला जाऊन आली असती."

"चुकलं माझं."

"त्यात काय चुकलं? दोन वितींवरून मला घालता आला नाही, तो माझा नालायकपणा. बापाने मला घरी जाताना तेच सुनावलं. म्हणाला, नाही दिला तर घालायचा, रडायचं नाही."

आर्चीचा जीव क्षणभर हलका झाला. "मग बोलला का नाहीस माझ्याशी?"

"माझ्या दारात टपाल कोण टाकायचं?"

"मीच."

"सव्वीस वर्षं, रोज सव्वासातला. तुझ्या बुटांचा आवाज ओळखायचो मी. पहिली काही वर्षं तर दाराच्या आत उभाच असायचो. वाटायचं, आज हा कडी वाजवेल. दारातली टपालाची फट उघडायची, कागद पडायचा आणि बूट चालते व्हायचे."

"दार उघडायचंस की!"

"मी?" डॉड म्हणाला. "मागून घ्यायची रीत आहे का आपल्यात?"

"मी चहाचा तिसरा कप मांडून ठेवायचे," एफी हळूच म्हणाली. "मग सोडलं मांडायचं."

इतकी वर्षं आर्ची समजत होता, डॉड त्या चेंडूवर रुसलाय. प्रत्येकाला चेंडू देत सुटला होता, आणि जे द्यायचं होतं ते रोज खांद्यावरच्या पिशवीसकट त्याच दारावरून पुढे घेऊन गेला होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

"उचल तो चेंडू," डॉड म्हणाला. "मागून माणसं येतायत."

सोमवारी आर्ची सव्वासातला शोअर गल्लीतल्या चार नंबरच्या, डॉडच्या दाराशी आला. खिडक्यांचे पडदे काढलेले होते. आत उघडी फरशी दिसत होती. त्याने कडी वाजवली.

नवी पोस्टवाली कर्स्टी गल्लीतून येत होती. "आर्ची, घरात कोणी नाही हो. सहालाच गाडी आली होती त्यांची."

"माहीत आहे," आर्ची म्हणाला, आणि त्याने पुन्हा कडी वाजवली.