अप्पांसारखं बोलायला शिकवलं

आमचं बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरला मिरची कांडायचं दुकान आहे. बायका घरून वाळवलेली मिरची आणि भाजलेला मसाला डब्यात घेऊन येतात, यंत्रापाशी उभ्या राहून डोळ्यांदेखत कुटून घेतात आणि झाकण घट्ट लावून निघतात. माल बदलेल या भीतीनं कुणी नजर हलवत नाही. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा संशय सहन व्हायचा नाही. ते यंत्राच्या आवाजावर ओरडायचे, "बघायलीस काय एवढं? तुझी मिरची चोरून मी काय वाडा बांधनार हाव?" मिरची ओलसर निघाली की म्हणायचे, "पुन्हा वल्ली आनलीस तर तुझ्यासकट घालतो आत."

बायका हसायच्या. अप्पांनी चार शब्द सुनावले नाहीत तर मसाल्याला चव येत नाही, असं त्याच म्हणायच्या. मराठी बाईला मराठीत, कन्नड बाईला कन्नडमध्ये आणि मोहल्ल्यातून आलेल्या बाईला दखनीत, तिन्ही भाषांत अप्पांची जीभ सारखीच चालायची.

यंत्राचा एक तुटलेला पट्टा, दोन हात लांबीचा, भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. रांगेत कुणी कुरबुर केली की अप्पा तिकडं मान वळवून विचारायचे, "पट्टा काढू का?" त्यावर तर सगळ्यात जास्त हशा पिकायचा.

दुकानाच्या मागंच घर. घरात तोच पट्टा खरोखर निघायचा. आईचं डावं मनगट अजून नीट फिरत नाही. माझ्या पाठीवर दोन वळ आहेत, ते आता बनियनखाली कुणाला दिसत नाहीत. पण सगळ्यात वाईट मार अक्कानं खाल्ला, माझ्या मोठ्या बहिणीनं. ती एकोणीस वर्षांची होती. बिदरला नर्सिंगचा फॉर्म तिनं न विचारता भरला आणि कागद अप्पांच्या हाती लागला. अप्पांनी तिचे केस धरले आणि मला म्हणाले, "पट्टा काढ रे." मी सोळा वर्षांचा होतो. मी स्टुलावर चढलो, पट्टा काढला आणि त्यांच्या हातात दिला. नाही म्हणता आलं असतं. पळून जाता आलं असतं. मी तो नीट घडी करून दिला, त्यांना तसाच लागायचा. अक्काला डाव्या कानानं तेव्हापासून ऐकू येत नाही. त्याच आठवड्यात ती घरातून गेली. शिकली, गुलबर्ग्याला नोकरीला लागली, तिथंच लग्न केलं. बारा वर्षं तिनं आमच्या दारात पाय ठेवला नाही.

अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. अक्का मातीला आली नाही. आई तिला फोन करायची आणि प्रत्येक वेळी एकच बोलायची, "ये की बाई एकदा. डोळ्यानं बघू दे." अक्का म्हणायची, "बघते." आईला आता दुसरं काही नको होतं. तेवढी एक भेट हवी होती.

मी मात्र धंद्याच्या मागं होतो. काळ्या मसाल्याची पाकिटं सुरू केली होती, भालकी-हुमनाबादपासून गुलबर्ग्यापर्यंत जात होती. पाकिटावर अप्पांचं मिशीवालं चित्र आणि खाली दुकानाचा नंबर. उदगीरचा माझा मित्र पाकिटं छापतो, तो म्हणाला, "माल सगळ्यांचा सारखाच असतोय. तुझ्याकडं अप्पांचं बोलनं हाय. तेच इक." त्यानंच ते लिहून देणारं एआय फोनवर टाकून दिलं. गिऱ्हाइकाचा निरोप आला की त्यानं आमच्या ढंगात उत्तर द्यायचं.

पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं, "प्रिय ग्राहक, आमच्या पारंपरिक चवीने आपले स्वयंपाकघर उजळून टाका." माझं टाळकं सरकलं. हे कुठल्या बँकेतून आलंय? मी फोनलाच शिव्या घातल्या आणि तो मिरचीच्या ढिगात फेकला. मग शिंकत शिंकत परत काढला आणि शिकवायला बसलो.

अप्पांचे आवाजी निरोप माझ्याकडं होते, ठोक गिऱ्हाइकांना पाठवलेले. ते एकेक ऐकून मी टाइप केले. कमी पडले तिथं आठवणीतून लिहिले. ते शिकत होतं, पण भीत भीत. शिवी दिली की पुढं माफी मागायचं. मी लिहायचो, माफी काढ. ते विचारायचं, ग्राहक दुखावला जाणार नाही का? मी लिहिलं, "दुखावू दे. इथल्या लोकांना तेच आवडतं." आणि मला तसं खरंच वाटत होतं. बारा वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवत असूनही वाटत होतं, हे मी आज शरमेनं सांगतो.

पंधरा दिवसांत ते हुबेहूब बोलायला लागलं. आळंदच्या एका दुकानदारानं पाकीट फुटलं म्हणून तक्रार केली तर त्याला उत्तर गेलं, "पाकीट फुटलं का तुमी फोडलाव? पट्टा काढू का?" त्यानं हसून दहा किलोची ऑर्डर दिली. मला उकळ्या फुटल्या. आधी मी प्रत्येक उत्तर वाचून पाठवायचो. मग यंत्र चालू असताना फोन हातात धरवत नाही म्हणून उत्तरं आपोआप जाऊ दिली. आईला वाचता येत नाही. तिला मी एवढंच सांगितलं की फोन आता स्वतःच बोलतो.

गुरुवारी दुपारी बाजाराची गर्दी ओसरली तेव्हा मी फोन उघडला. दुकानाच्या नंबरवर एक निरोप सकाळीच येऊन पडला होता. "दोन किलो काळा मसाला लागंल. रविवारी दुकानात येऊन घेऊन जाऊ का? आई घरात असंल का?" नंबर अक्काचा होता. मला थेट विचारायचं धाडस तिला झालं नसावं. गिऱ्हाईक होऊन ती दार वाजवून बघत होती.

खाली आमचं उत्तर गेलेलं होतं. "यायचं तर सकाळी या, उशिरा आलाव तर दारात उभं करनार न्हाई. आईबिईची चौकशी नगं, मसाला घ्या आन वाट धरा. पट्टा काढू का?" पुढं हसरा चेहरा.

त्याखाली अक्काचा एकच शब्द होता. "नको."

मी यंत्र बंद केलं आणि तिला फोन लावला. तिनं उचलला. "अक्का, ते मी न्हाई लिवलं. ते मशीन लिवतंय."

"त्याला कुनी शिकवलं?"

माझी नजर खिळ्याकडं गेली. पट्टा अजून तिथंच टांगलेला होता.

"अप्पा गेले तवा मला वाटलं, घर मोकळं झालं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू त्यांना पुन्हा आनून बसवलास. पट्टा तवा बी तूच काढून दिलतास." आणि तिनं फोन ठेवला.

आई पलीकडं चाळणी घेऊन मसाला चाळत बसली होती. बोलणं तुटक ऐकून तिला काय ते कळलं होतं. "पोरगीचा फोन व्हय? येनार हाय का?" तिचा चेहरा असा उजळला की मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, येत होती, आता येणार नाही. "कामून?" म्हणून ती मागंच लागली. शेवटी मी तिला सगळं वाचून दाखवलं, अक्काचं आणि मशीनचं. मशीनचं वाचताना माझा आवाज आपोआप वर चढला. रोज ऐकून, टाइप करून, दुकानातल्या बायकांनाही तसंच सुनावून ती चाल माझ्या तोंडातच बसली होती. शेवटची ओळ मी हुबेहूब अप्पांसारखी म्हटली. आईनं चाळणी टाकून दोन्ही हात डोक्यावर धरले.

क्षणभर ती तशीच बसली. मी अप्पा नाही, हे तिच्या ध्यानात यायला तेवढा वेळ लागला. तोवर दुकानात चार-पाच बायका डबे घेऊन आल्या होत्या. आई उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "पट्टा काढ."

मी स्टुलावर चढलो. हात खिळ्याकडं गेला, पट्टा निघाला, घडी पडली, आणि मी तो तिच्या हातात दिला. हे सगळं होईपर्यंत मी काय करतोय याचा मी विचारच केला नव्हता.

आईनं उभ्या आयुष्यात आमच्यावर हात उगारला नव्हता. तिनं उजव्या हातानं पट्टा माझ्या खांद्यावर ओढला. मग पाठीवर. मग मानेवर, तिथं कातडी फुटली आणि मिरचीची पूड त्यात भरली. मी ओरडलो. ती एक शब्द बोलत नव्हती, नुसती मारत होती, दम लागेपर्यंत. मला हवा होता तो मार. मी हललो नाही.

रांगेतल्या बायका हसत होत्या. फोनवर येतं तसंच इथंही गमतीनं चाललंय, असं त्यांना वाटलं असावं. एकीनं तर फोन काढून धरला होता.

आईनं पट्टा यंत्राखालच्या कचऱ्यात टाकला. दोन किलो मसाला तागडीत स्वतः मोजला, पिशवीची गाठ मारली आणि चपला घातल्या. आयुष्यात एकटी कधी भालकीच्या पुढं न गेलेली बाई. "गुलबर्ग्याची गाडी कुठं बदलायची?" तिनं विचारलं. मी सांगितलं. मी येतो म्हणालो तर म्हणाली, "तू नगंस. ती तुला बघून दार लावंल." आणि ती स्टँडकडं चालू लागली.

मी फोन काढून त्यातलं ते सगळं शिकवलेलं पुसून टाकलं. मानेवरून रक्त कॉलरमध्ये उतरत होतं. पहिल्या बाईनं डबा पुढं केला, यंत्रापाशी येऊन उभी राहिली आणि वाट बघितली. मग म्हणाली, "अण्णा, आज काईच बोलनाव कामून?"